बर्नचा नाताळ : जुनं गाव, गर्दी आणि माझ्या वर्गातला एक प्रश्न



चौथीला दर वर्षी 'मी पाहिलेले ठिकाण' हा निबंध असतो. मुलं गावची जत्रा लिहितात, मामाचं गाव लिहितात, कुणी सहलीला गेलेलं असेल तर औरंगाबादची लेणी लिहितो. या वर्षी वर्गानं मलाच पकडलं. "मॅडम, तुम्ही पण लिहा." कारण त्यांना माहीत होतं की मॅडम डिसेंबरात रजा काढून परदेशी जाऊन आल्या. माझी मावसबहीण नोकरीनिमित्त स्वित्झर्लंडमध्ये बर्न शहराजवळ राहते. तिनं तिकीट पाठवलं, मी रजा काढली. (ना हरकत प्रमाणपत्र मिळवण्याची कथा मोठी आहे, ती इथे नको.) तर हा माझा निबंध. यातला काही भाग वर्गात सांगण्यासारखा आहे, काही पालकांच्या उपयोगाचा आहे, आणि एक भाग असा आहे की तो सांगावा की नाही यावर मी बरेच दिवस विचार केला.

आधी गावाची ओळख. बर्न ही स्वित्झर्लंडची राजधानी, असं आपण सामान्य ज्ञानात शिकवतो. तिथले लोक मात्र तिला 'संघ-शहर' म्हणतात. १८४८ पासून देशाचं सरकार आणि संसद तिथे आहे, पण कायद्यात 'राजधानी' असा शब्द नाही. लोकसंख्या सव्वा लाखाच्या थोडी वर. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या जिल्ह्याच्या गावाएवढीच. आरे नावाची नदी गावाला तीन बाजूंनी वळसा घालून जाते आणि त्या वळणाच्या आत लांबट जिभेसारखं जुनं गाव बसलेलं आहे. फळ्यावर इंग्रजी यू अक्षर आडवं काढलं की नकाशा झाला.

हे गाव ११९१ मध्ये बर्थोल्ड पाचवा नावाच्या सरदारानं वसवलं. दंतकथा अशी की शिकारीत पहिला जो प्राणी मिळेल त्याचं नाव गावाला द्यायचं ठरलं आणि अस्वल मिळालं. आजही गावाच्या झेंड्यावर अस्वल आहे आणि नदीकाठी अस्वलं पाळलेली आहेत. पूर्वी ती एका खड्ड्यात ठेवत. २००९ पासून नदीच्या उतारावर त्यांना मोकळी जागा करून दिली. पण डिसेंबरात अस्वलं झोपलेली असतात. माझा भाचा मला मोठ्या उत्साहानं तिकडे घेऊन गेला आणि आम्ही दोघांनी रिकामा उतार बघितला. तुम्ही मुलांना घेऊन जाणार असाल तर आधीच सांगून ठेवा, नाहीतर रडारड होते.

१४०५ मध्ये मोठी आग लागली. घरं लाकडाची होती, बहुतेक गाव जळालं. मग लोकांनी हिरवट करड्या रंगाच्या वालुकाश्मात पुन्हा बांधलं. तेच गाव थोड्याफार बदलांनी आजही उभं आहे, म्हणून १९८३ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. मला सगळ्यात आवडले ते रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे कमानींचे ओटे. दुकानाच्या पुढे दगडी कमानी, वर घराचा मजला आणि खाली चालायला झाकलेला रस्ता. असे सगळे मिळून सुमारे ६ किलोमीटर भरतात. पाऊस असो, बर्फ असो, डोक्यावर छत. त्या कमानींच्या खाली रस्त्यालगत तिरक्या लाकडी दारांची तळघरं आहेत, त्यातही दुकानं. दार उघडं दिसलं की आपण तळघरात उतरायचं, आत पुस्तकांचं नाहीतर कपड्यांचं दुकान.

आता नाताळचं. आपल्याकडे चित्रात दिसतो तसा बर्फ तिथे असेलच असं नाही, हे पहिलं. बर्न समुद्रसपाटीपासून सुमारे ५४० मीटरवर आहे, आपल्या पुण्याच्या जवळपास. बर्फ डोंगरावर असतो. मी होते तेवढे दिवस गावात धुकं होतं आणि बोचरी थंडी, शून्याच्या आसपास. सव्वाआठला उजाडतं आणि पावणेपाचला सूर्य मावळतो. एवढा लहान दिवस असल्यावर दिव्यांचं महत्त्व कळतं. साडेचारला आकाश काळवंडलं की रस्त्यांवरचे दिवे लागतात आणि सगळं गाव बाहेर पडतं.

बाजार मुख्यतः तीन ठिकाणी भरतो. एक वाइझेनहाउसप्लात्झ नावाच्या चौकात, रेल्वे स्टेशनपासून जवळ. दुसरा मोठ्या चर्चच्या पुढे म्युन्स्टरप्लात्झवर, तिथे हातकामाच्या वस्तू जास्त. तिसरा संसदेजवळच्या छोट्या बागेत, तिथे खाणं-पिणं जास्त. लाकडी टपऱ्या असतात, मेणबत्त्या, लोकरीचे मोजे, लाकडी खेळणी, मधाची बिस्किटं. बर्नचं खास म्हणजे हेझलनटचं मऊ बिस्किट, वर साखरेनं अस्वल काढलेलं. रस्त्यावर चेस्टनट भाजून कागदी पुडीत देतात. पुडीत हात घातला की बोटं शेकतात. आपल्याकडे गरम शेंगा घेऊन उभं राहावं तसंच वाटलं मला.

खर्चाचं सांगते. तेव्हा मी एक फ्रँक म्हणजे साधारण शंभर रुपये धरले, हिशोब सोपा गेला. मग चेस्टनटच्या पुडीचा भाव बघून पोटात गोळा येतो. ताई म्हणाली, "रुपयात हिशोब करू नकोस, नाहीतर उपाशी राहशील." पाण्याला मात्र पैसे लागत नाहीत. गावात शंभराच्या वर कारंजी आहेत आणि त्यांचं पाणी पिण्याचं असतं. बाटली बरोबर ठेवायची आणि भरून घ्यायची. बाजारात गरम पेय घेतलं तर कपाचे पैसे वेगळे घेतात आणि कप परत दिला की ते परत मिळतात. मला हे फार आवडलं, जमिनीवर एक कप दिसत नव्हता. मुलांसाठी दारू नसलेलं गरम सरबत मिळतं, पण मागताना मुलांसाठी असं सांगावं, कारण मोठ्यांच्या पातेल्यात वाइन असते. शाकाहारी माणसाला वितळलेलं चीज आणि उकडलेले बटाटे पुरतात. बटाट्याच्या रोश्टीत कधी डुकराचं मांस घालतात, विचारून घ्यावं. आणि तिथल्या बऱ्याच जुन्या चीजमध्ये दूध विरजवायला वासराच्या पोटातला घटक वापरतात, तेव्हा काटेकोर शाकाहारी असाल तर त्याचाही विचार करा.

गर्दी कशी असते? शनिवारी दुपारी स्टेशनपासून घड्याळाच्या मनोऱ्यापर्यंतच्या रस्त्यावर आपण चालत नाही, ढकलले जातो. ट्राम घंटा वाजवत हळूहळू त्या गर्दीतून वाट काढते. पण गंमत अशी की याच रस्त्यानं पुढे नदीकडे निघालं की पाच मिनिटांत गर्दी विरळ होते. लोक बाजार बघून परत फिरतात. म्हणून माझा सल्ला, आठवड्यातल्या मधल्या दिवशी सकाळी दहाला जा, जुनं गाव आधी बघून घ्या आणि अंधार पडता पडता बाजारात या. आणखी एक, २४ तारखेला दुपारनंतर दुकानं लवकर बंद होतात आणि २५, २६ ला गाव बंद. नाताळ बघायला म्हणून कुणी २५ तारखेला पोचलं तर त्याला कुलपं दिसतील. तिथे तो दिवस घरात बसून साजरा करायचा आहे. आम्ही २३ तारखेला चार दिवसांची भाजी आणून ठेवली होती.

मुलांना भेटी मिळतात त्या २४ च्या संध्याकाळी, आणि त्या आणतं ख्रिस्तबाळ. म्हातारा दाढीवाला येतो तो ६ डिसेंबरला. त्याला तिथे सामिख्लाउस म्हणतात. त्याच्या बरोबर काळ्या-तपकिरी कपड्यातला एक सोबती असतो आणि कधी कधी गाढव. तो जंगलातून येतो, रथातून नाही. मी पोचले तेव्हा ६ तारीख होऊन गेली होती, पण ताईनं मोबाईलवरची चित्रफीत दाखवली. म्हातारा माझ्या भाच्याला विचारतो, वर्षभर कसा वागलास, आणि मग सांगतो, एक कविता म्हणून दाखव. कविता म्हटल्याशिवाय शेंगदाणे आणि संत्री मिळत नाहीत! भाच्यानं चार ओळी म्हटल्या, तिसऱ्या ओळीला अडखळला, म्हाताऱ्यानं हळूच पुढचा शब्द सुचवला. आपण सगळे हेच करतो की वर्गात. त्या दिवशी खायला माणसाच्या आकाराचा गोड पाव करतात, डोळ्यांच्या जागी बेदाणे.

घड्याळाच्या मनोऱ्यावर मी दोनदा गेले. त्याचं नाव त्सिटग्लोगं. पूर्वी गावाची वेस तिथे होती, हा वेशीचा बुरूज. १५३० च्या सुमारास त्यावर मोठं घड्याळ बसवलं, जे वेळेबरोबर चंद्राच्या कला आणि सूर्याची राशीही दाखवतं. तास वाजायच्या तीन-चार मिनिटं आधी कोंबडा आरवतो, छोट्या अस्वलांची मिरवणूक फिरते, विदूषक घंटा वाजवतो. सगळे पर्यटक माना वर करून उभे. पण शिक्षकांनी मान खाली करून मनोऱ्याच्या बोगद्यात जावं. तिथे भिंतीवर लांबीची अधिकृत मापं लावलेली आहेत. जुन्या काळी हात आणि वाव, आता मीटर आणि दोन मीटर. म्हणजे कापडवाल्यानं फसवलं अशी शंका आली तर गिऱ्हाईक इथे येऊन मोजून बघणार. 'मापन' हा घटक शिकवताना मी हे सांगितलं तेव्हा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, आपल्या बाजारात पण लावू." आम्ही शाळेच्या कुंपणाच्या भिंतीवर रंगानं एक मीटर काढला. आता येणारा-जाणारा त्याला हात लावून जातो.

अजून एक गोष्ट वर्गाला फार आवडली. जुन्या गावातल्या रस्त्यांच्या पाट्या वेगवेगळ्या रंगांच्या आहेत, लाल, पिवळ्या, हिरव्या, पांढऱ्या, काळ्या. १७९८ मध्ये फ्रेंच सैन्यानं बर्न घेतलं. सैनिकांना वाचता येत नव्हतं, आपला मुक्काम सापडेना, म्हणून भाग रंगांनी ओळखायची सोय केली, असं सांगतात. ज्यांना अजून वाचन जमत नाही अशा मुलांना मी हे मुद्दाम सांगितलं.

बाकीचं थोडक्यात. क्रामगासे रस्त्यावर ४९ क्रमांकाच्या घरात आइनस्टाइन १९०३ ते १९०५ मध्ये भाड्यानं राहत होता. तेव्हा तो पेटंट कार्यालयात नोकरी करत होता आणि १९०५ चे ते प्रसिद्ध निबंध त्यानं याच काळात लिहिले. घर आता संग्रहालय आहे, पण सुट्ट्यांत बंद असू शकतं, वेळ बघून जा. मोठ्या चर्चचं बांधकाम १४२१ ला सुरू झालं आणि १०० मीटरचा कळस पूर्ण व्हायला १८९३ उजाडलं. नैसर्गिक इतिहास संग्रहालयात बॅरी नावाचा कुत्रा पेंढा भरून ठेवलाय. आल्प्समध्ये बर्फात अडकलेल्या ४० हून अधिक माणसांना त्यानं वाचवलं असं सांगतात. तो १८१४ मध्ये बर्नमध्येच मेला.

आता तो भाग, ज्याच्यासाठी खरं तर हे लिहायला बसले.

वाइझेनहाउसप्लात्झचा बाजार बघताना मी ताईला सहज विचारलं, या चौकाच्या नावाचा अर्थ काय. ती म्हणाली, "अनाथाश्रमाचा चौक." चौकाच्या टोकाला एक देखणी जुनी इमारत आहे. अठराव्या शतकात ती मुलग्यांचा अनाथाश्रम म्हणून बांधली. आता तिथे पोलिसांचं कार्यालय आहे. समोर एक काँक्रीटच्या खांबाचं कारंजं, शेवाळानं भरलेलं, थंडीत त्याला बर्फाच्या दाढ्या लोंबतात. दिव्यांच्या माळा, दालचिनीचा वास, आणि मी त्या इमारतीकडे बघत राहिले. घरी आल्यावर भावोजींनी मला 'फर्डिंगकिंडर' हा शब्द सांगितला.

याचा अर्थ करारानं दिलेली मुलं. स्वित्झर्लंड आज इतका श्रीमंत देश आहे, पण एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्या शतकाच्या निम्म्याहून जास्त काळ तिथे गरिबांची, अनाथांची, लग्नाशिवाय झालेली, आईवडील विभक्त झालेली मुलं सरकारी यंत्रणा घरातून काढून घेत असे आणि शेतकऱ्यांकडे ठेवत असे. बर्नच्या परिसरात हे खूप चालायचं. एकोणिसाव्या शतकात तर चक्क बोली लागायची, आणि ती उलटी असायची. मुलाला सांभाळायला जो सगळ्यात कमी पैसे मागेल, त्याला मूल मिळायचं. मग ते मूल गोठ्यात, शेतात राबायचं. काहींना चांगली माणसं भेटली, अनेकांना मार, भूक आणि त्याहून वाईट गोष्टी भोगाव्या लागल्या. शाळा कामातून वेळ उरला तर. ही पद्धत १९६० च्या दशकापर्यंत आणि काही ठिकाणी त्यानंतरही चालली. म्हणजे त्या बाजारात मेणबत्त्या विकणाऱ्या एखाद्या आजोबांनी ते दिवस पाहिलेले असू शकतात.

११ एप्रिल २०१३ ला बर्नमध्ये सिमोनेटा सोमारुगा या केंद्रीय मंत्र्यांनी सरकारच्या वतीनं या माणसांची जाहीर माफी मागितली. पुढे नागरिकांनी एक लाखाहून जास्त सह्या गोळा करून भरपाईची मागणी रेटली, आणि २०१७ मध्ये कायदा लागू झाला. हयात असलेल्या प्रत्येक पीडिताला २५ हजार फ्रँक.

परत आल्यावर मी वर्गात फोटो दाखवले. घड्याळ, कमानी, दिवे, चेस्टनट. हे फर्डिंगकिंडर मी गाळलं होतं. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना कशाला, असं वाटलं. आमचं गाव ऊसतोड कामगारांचं. दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबं कारखान्यावर जातात आणि त्यांच्याबरोबर वर्गातली काही मुलंही. पटावर २८, समोर १९. बाकीची फडावर, पाचटाच्या कोपीत. काहींना हंगामी वसतिगृहाची सोय होते, काहींना नाही. ही १९ मुलं फोटो बघत होती आणि मागच्या बाकावरची एक मुलगी, जी आजीजवळ राहते, तिनं विचारलं, "मॅडम, तिथली पोरं ऊस तोडायला जातात का?"

मी आधी म्हणाले, तिथे ऊस होत नाही. ती गप्प बसली. मग मलाच ते खरं उत्तर वाटेना. तिनं ऊस विचारलाच नव्हता.

मी तिला सांगितलं. बोली सांगितली नाही, मार सांगितला नाही. एवढंच सांगितलं की तिथेही तुझ्या आजोबांच्या वयाच्या माणसांना लहानपणी दुसऱ्याच्या शेतात राबायला पाठवत होते, त्यांची शाळा बुडत होती, आणि ती माणसं म्हातारी झाल्यावर सरकारनं त्यांना सॉरी म्हटलं. वर्ग एकदम शांत झाला. एकानं विचारलं, पैसे दिले का? मी फळ्यावर गुणाकार मांडला, २५,००० गुणिले १००. उत्तर आलं पंचवीस लाख. "बाप रे!" झालं. ती मुलगी म्हणाली, "पण मग ते शाळेत कधी बसले?"

याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. मी म्हटलं, काही जण मोठेपणी शिकले, काहींनी आपली गोष्ट लिहून काढली, ती आता तिथल्या शाळांत मुलांना सांगतात. हे खरं आहे, पण तिचं समाधान झालं असं मला वाटलं नाही. आपल्याकडची परिस्थिती वेगळी आहे हे मला कळतं. इथे मुलांना कुणी आईबापापासून तोडत नाही, उलट आईबापाला सोडवत नाही म्हणून ती बरोबर जातात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं, दोघंही फडात असतील तर धाकट्याला कोण बघणार? म्हणून थोरली जाते. तिला दोष देता येत नाही, तिच्या आईलाही नाही. पण पट बघताना मला तो चौक आठवतो.

काही शिक्षकांना वाटेल की सहलीच्या निबंधात हे नको होतं. माझ्या घरीही एक मत तसंच होतं. मी एवढंच म्हणेन की मुलीनं विचारलं नसतं तर मी सांगितलं नसतं.

बर्नवरून आणलेली एक कल्पना मात्र मी वर्गात वापरली, तुम्हीही वापरू शकता. तिथे १ डिसेंबरपासून वस्तीतली चोवीस घरं एकेक खिडकी वाटून घेतात. रोज संध्याकाळी एका घराची खिडकी सजवून, आकडा लावून उजळतात. १ तारखेला एक, २ ला दोन, २४ ला सगळ्या. लोक चालत जाऊन नवीन खिडकी बघतात, तिथे चहा-सरबत मिळतं, शेजाऱ्यांची ओळख होते. आम्ही मागच्या भिंतीवर पुठ्ठ्याच्या २८ खिडक्या केल्या, प्रत्येक मुलाची एक, हजेरी क्रमांकासह. साहित्य फार नाही. जुने वहीचे पुठ्ठे, पतंगाचा कागद, डिंक. आत त्या मुलानं काढलेलं चित्र आणि स्वतःबद्दल तीन वाक्यं. रोज एकानं आपली खिडकी उघडून वाचायची. भाषेचं प्रकट वाचन होतं, क्रमवाचक संख्या होतात, आणि लाजरी मुलंही बोलतात. पहिलीला करायचं असेल तर वाक्यांऐवजी फक्त चित्र ठेवा. पुठ्ठा कापायचं काम तुम्ही करा, मुलांच्या हाती कात्री देऊ नका.

फडावर गेलेल्या नऊ मुलांच्या खिडक्याही केल्या आहेत. दोघांनी आईच्या मोबाईलवरून आवाज पाठवला, तो आम्ही खिडकी उघडून ऐकला. एकानं तीन वाक्यं सांगताना मागे बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. उरलेल्या सात आम्ही बंद ठेवल्या आहेत. मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला की मुलं येतील, तेव्हा उघडू.